विजेता संघ का फुटतो? एनबीएच्या पगारनियमांची उकल

१२ जून २०२३ रोजी डेन्व्हर नगेट्सने मायामी हीटला हरवून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, आपले पहिले विजेतेपद मिळवले. आपल्याकडे तेव्हा १३ तारखेची सकाळ होती. त्यानंतर तीन आठवडेही उलटले नसतील, तोच त्या विजयात मोलाचा वाटा असलेला ब्रूस ब्राउन इंडियाना पेसर्सकडे गेला. डेन्व्हरला तो हवा होता आणि संघाची मालकी असलेल्या क्रोन्के कुटुंबाला पैशांची ददातही नव्हती. (गोव्यातल्या आर्सेनलप्रेमींना हे कुटुंब चांगलेच ठाऊक आहे, कारण तो क्लबही त्यांचाच.) परंतु इंडियानाने ब्राउनला दोन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा डेन्व्हरला पहिल्या वर्षासाठी सुमारे ७८ लाख डॉलरच्या पुढे एक डॉलरही वाढवण्याची मुभा नव्हती. आडवा आला तो लीगचा नियम.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच विजेत्या संघातला केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप ऑर्लँडोला गेला आणि २०२५ मध्ये मायकेल पोर्टर ज्युनियरला ब्रुकलिनला पाठवावे लागले. पाच जणांची जी फळी विजेतेपदाचा सामना खेळली, तिच्यातले दोघे दोनच वर्षांत निघून गेले. मी डेन्व्हरचा चाहता आहे, तेव्हा पुढच्या मजकुरातला राग वाचकांनी तेवढा वजा करून घ्यावा. मात्र ही एकट्या डेन्व्हरची कथा नाही. २०१९ पासून २०२५ पर्यंतच्या सात हंगामांत सात वेगवेगळे संघ विजेते ठरले आणि त्या काळात एकालाही आपले विजेतेपद राखता आले नाही. आपल्याकडे एनबीए आवडीने पाहणारी मुले ड्रिबलपासून डंकपर्यंत सगळे सांगतील. पण ‘हा खेळाडू त्या संघातून का गेला?’ असे विचारले की उत्तर ‘पैशांसाठी’ एवढ्यावरच थांबते. खरे उत्तर त्याहून गुंतागुंतीचे आहे आणि ते समजले की आजच्या एनबीएतले बहुतेक वादही समजतात.

आरंभ उत्पन्नापासून करू. एनबीएत तीस संघ आहेत. युरोपातल्या फुटबॉलप्रमाणे तेथे खालच्या श्रेणीत जाण्याची भीती नाही किंवा वर चढून येणारा नवा संघही नाही. तीसही मालक एकाच धंद्याचे भागीदार असून दूरचित्रवाणीचे राष्ट्रीय करार ते एकत्र करतात. २०२५-२६ च्या हंगामापासून डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन यांच्याशी सुरू झालेला करार अकरा वर्षांचा असून त्याची किंमत सुमारे ७,६०० कोटी डॉलर आहे. त्याआधीचा नऊ वर्षांचा करार सुमारे २,४०० कोटी डॉलरचा होता. बास्केटबॉलपासून होणाऱ्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा हिस्सा खेळाडूंचा, असे लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक करारात ठरलेले आहे. हा वाटा तीस संघांत विभागला की प्रत्येक संघाची त्या वर्षाची पगारमर्यादा, म्हणजेच सॅलरी कॅप, निघते. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. आपल्या पैशांत तेराशे कोटी रुपयांहून अधिक.

मर्यादा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयपीएलचा लिलाव येतो. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी प्रत्येक फ्रँचायझीला १२० कोटी रुपयांची थैली होती. लखनौने एकट्या ऋषभ पंतवर त्यातले २७ कोटी घातले आणि उरलेल्या पैशांत बाकीचा संघ बसवला. तेथे थैली संपली की विषय संपतो. एनबीएची मर्यादा तशी नाही. तिला अपवाद आहेत, ते पुष्कळ आहेत, आणि संघांचे सारे राजकारण या अपवादांभोवतीच फिरते.

सर्वांत महत्त्वाचा अपवाद बोस्टन सेल्टिक्सच्या लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जातो. १९८४-८५ मध्ये जेव्हा ही मर्यादा आली, तेव्हा ती अवघी ३६ लाख डॉलर होती आणि तिच्यामुळे आपला लाडका खेळाडू गमवावा लागेल अशी धास्ती संघांना वाटत होती. फोंडा तालुक्यातल्या एखाद्या गावात जत्रेचे नाटक बसवणाऱ्या मंडळाचे उदाहरण घेतले तर ही तोड लगेच लक्षात येईल. मंडळाने ठरवले की नटांच्या मानधनावर अमुक रकमेच्या वर खर्च करायचा नाही; परंतु जो नट सलग तीन वर्षे आपल्याच रंगमंचावर उभा राहिला आहे, त्याला राखण्यासाठी रक्कम ओलांडली तरी चालेल. बाहेरून नवा नट आणायचा तर मात्र मर्यादेच्या आतच आणावा लागेल. लॅरी बर्ड अपवाद म्हणजे नेमके हेच. जो खेळाडू तीन हंगाम आपल्याकडे आहे, त्याला संघ मर्यादा ओलांडूनही ठेवू शकतो. ब्रूस ब्राउन डेन्व्हरकडे एकच वर्ष होता, म्हणून त्याच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्क्यांपर्यंतच डेन्व्हरला जाता आले. दोन वर्षे जास्त राहिला असता तर तो कदाचित आजही तेथेच असता. (२०२५ मध्ये तो किमान पगारावर डेन्व्हरला परतला, हे समाधान आहेच, पण मधली दोन वर्षे कोणी भरून देत नाही.)

मर्यादा ओलांडायला अशी वाट ठेवल्यावर श्रीमंत मालक हवे तितके खर्च करतील, हे उघड होते. त्यासाठी कररेषा आली. २०२५-२६ मध्ये ती १८ कोटी ७९ लाख डॉलरवर होती. पगाराची बेरीज त्या रेषेपलीकडे गेली की संघाने लीगकडे दंडवजा कर भरायचा. जितके वर जावे तितका कराचा दर चढतो. आधीच्या चार हंगामांपैकी तीन हंगामांत कर भरलेल्या संघाला तर एका जास्तीच्या डॉलरमागे अनेक डॉलर मोजावे लागतात. कराच्या रकमेतला वाटा रेषेखाली राहिलेल्या संघांना मिळतो, त्यामुळे काटकसरी मालकाला काटकसरीचे दुहेरी बक्षीस मिळते. तरीही काही मालकांनी हा कर हसत भरला. २०२१-२२ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने सुमारे १७ कोटी डॉलर नुसता कर भरला आणि त्याच वर्षी ते विजेतेही झाले. पैसे टाकून विजेतेपद मिळते असे चित्र उभे राहिले आणि इतर मालकांचा संयम सुटला. स्टीफन करी, क्ले थॉम्पसन आणि ड्रेमंड ग्रीन हे तिघेही वॉरियर्सने स्वतः ड्राफ्टमधून, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, घेऊन वाढवलेले खेळाडू होते, ही गोष्ट त्या संतापात मागे पडली.

यातून २०२३ च्या सामूहिक करारात दुसऱ्या एप्रनची तरतूद झाली. एप्रन म्हणजे कररेषेच्या वर आखलेली आणखी एक रेषा. पहिला एप्रन आधीपासून होता. २०२५-२६ मध्ये तो १९ कोटी ५९ लाख डॉलरवर होता. दुसरा त्याच्याही वर, २० कोटी ७८ लाख डॉलरवर. या दुसऱ्या रेषेचे वैशिष्ट्य असे की तिच्यापलीकडे गेलेल्या संघाकडून केवळ पैसे घेतले जात नाहीत, त्याचे हात बांधले जातात. अब्जाधीशाला दंडाची पावती देऊन काही होत नाही, हे लीगने ओळखले होते.

हात कसे बांधले जातात ते समजण्यासाठी एनबीएतल्या अदलाबदलीची रीत माहीत हवी. फुटबॉलमध्ये क्लब खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबला रक्कम मोजतो. एनबीएत खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा भविष्यातल्या ड्राफ्टमधले निवडीचे हक्क द्यावे लागतात, आणि मर्यादेवरच्या संघांसाठी जाणाऱ्या व येणाऱ्या पगारांचा मेळ बसावा लागतो. चार कोटी डॉलरचा खेळाडू आणायचा असेल तर दोन कोटींचे दोन खेळाडू एकत्र करून पाठवणे, हा सर्वांत रुळलेला मार्ग. दुसऱ्या एप्रनपलीकडच्या संघाला नेमके हे एकत्रीकरण करता येत नाही. व्यवहारात रोख रक्कम देता येत नाही. मर्यादेवरच्या संघांना नवा खेळाडू घेण्यासाठी जी मधल्या पगाराची सवलत मिळते, तीही त्याला नाही. किमान पगारावर येणारे खेळाडू तेवढे घ्यावेत. त्याचा सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतला निवडीचा हक्क गोठवला जातो, म्हणजे त्याची देवघेव करता येत नाही. आणि पुढच्या चारपैकी दोन हंगामांत संघ पुन्हा त्या रेषेपलीकडे राहिला तर तो हक्क पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी ढकलला जातो. थोडक्यात, आजच्या खर्चाची शिक्षा सात वर्षांनंतर येणाऱ्या व्यवस्थापकाने भोगायची.

या नियमाचा सर्वांत समर्थनीय बळी फीनिक्स सन्स. नव्या मालकाने २०२३ मध्ये केव्हिन ड्युरँट आणि ब्रॅडली बील यांना आणून डेव्हिन बुकरच्या जोडीला बसवले. तिघांचे पगार इतके होते की बाकीचा संघ किमान पगारावरच्या खेळाडूंनी भरावा लागला आणि चूक उमगल्यावर ती दुरुस्त करण्याचे मार्गही बंद झाले. २०२४-२५ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक पगार देणारा हा संघ ३६ विजय आणि ४६ पराभव घेऊन प्ले-ऑफलाही मुकला. नंतर ड्युरँट ह्यूस्टनला गेला आणि बीलचा करार पैसे देऊन मोडावा लागला. बाजारातून तीन तारे उचलून रातोरात विजेतेपद मागणाऱ्याला अशी अद्दल घडली, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. नियमाचा हेतू हाच होता आणि येथे तो सफल झाला.

आता बोस्टन पाहू. जेलन ब्राउनला सेल्टिक्सने २०१६ मध्ये आणि जेसन टेटमला २०१७ मध्ये, दोघांनाही तिसऱ्या क्रमांकावर, ड्राफ्टमधून घेतले. पेटन प्रिचर्ड हा २०२० मधला सव्विसावा निवडलेला खेळाडू. या मुलांना त्यांनी सात-आठ वर्षे घडवले, अनेकदा पराभव पचवले, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस आणि ज्रू हॉलिडे यांना अदलाबदलीतून आणून उणिवा भरल्या आणि २०२४ मध्ये विजेतेपद घेतले. ब्राउनचा नवा करार २०२३ मध्येच झाला होता आणि टेटमचा विजेतेपदानंतर लगेच झाला: पहिला पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाखांपर्यंत, दुसरा ३१ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत.

हे आकडे ऐकून डोळे विस्फारतात, पण त्यांत संघाची उधळपट्टी नाही. एका खेळाडूला जास्तीत जास्त किती पगार मिळू शकतो हेही नियमच ठरवतो: सहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला मर्यादेच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० आणि दहा वर्षांच्या पुढे ३५ टक्के. खेळाडू लीगच्या सर्वोत्तम पंधरांत निवडला गेला किंवा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर त्याला ३५ टक्क्यांचा टप्पा आधीच गाठता येतो. मात्र तो देण्याची मुभा त्याला घडवणाऱ्या किंवा कारकिर्दीच्या आरंभीच्या वर्षांत त्याला आणलेल्या संघालाच असते. खेळाडूने जुन्याच संघात राहावे म्हणून ही मधाची कुपी ठेवलेली आहे. टेटमचा २०२५-२६ चा पगार म्हणजे मर्यादेच्या बरोबर ३५ टक्के, सुमारे ५ कोटी ४१ लाख डॉलर. ब्राउनचा ५ कोटी ३१ लाख. दोघांचे मिळून साडेदहा कोटींच्या वर गेले. दुसऱ्या एप्रनखाली राहायचे तर उरलेल्या तेरा जणांसाठी दहा कोटी उरतात.

बोस्टनचा पगार आणि कर मिळून २०२५-२६ चा खर्च ५० कोटी डॉलरच्या घरात जाईल असा अंदाज होता. मे २०२५ मध्ये न्यूयॉर्कविरुद्धच्या प्ले-ऑफ सामन्यात टेटमच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि निर्णय लवकर झाला. हॉलिडे पोर्टलँडला गेला, पोर्झिंगिस अटलांटाला, ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनिओला आणि अनुभवी अल हॉरफर्ड गोल्डन स्टेटला. दुखापतीने हा प्रसंग अलीकडे आणला; पण टेटम धडधाकट असता तरी तो फार तर एखादे वर्ष लांबला असता.

माझा मुख्य आक्षेप येथे आहे. एकाच लीगचे दोन नियम परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. एक नियम म्हणतो, आपण घडवलेल्या खेळाडूला इतरांपेक्षा जास्त द्या आणि त्याला घरीच ठेवा. दुसरा म्हणतो, असे दोन-तीन खेळाडू घरी ठेवाल तर तुमचे हात बांधू. सेल्टिक्सने बाळगलेला धीर आणि फीनिक्सने केलेली घाई यांत दुसरा एप्रन काहीच फरक करत नाही. त्याला दिसते ती फक्त बेरीज.

याची पुढची कसोटी ओक्लाहोमा सिटी थंडरवर लागणार आहे आणि तिचे गणित कागदावर आजच मांडता येते. २०२५ चा हा विजेता संघ म्हणजे छोट्या शहरातल्या व्यवस्थापनाने धीराने काय साधावे याचा वस्तुपाठ. २०१९ मध्ये त्यांनी पॉल जॉर्ज हा तारा क्लिपर्सला दिला आणि बदल्यात तेव्हा फारसा नाव नसलेला शे गिल्जस-अलेक्झांडर व अनेक वर्षांचे निवडीचे हक्क घेतले. त्यांतल्याच एका हक्कावर २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकाने जेलन विल्यम्स आला. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन आला. तिघांनीही २०२५ च्या उन्हाळ्यात नव्या करारांवर सह्या केल्या. २०२७-२८ मध्ये गिल्जस-अलेक्झांडरचा ३५ टक्क्यांचा करार सुरू होईल, तेव्हा त्याच्याबरोबर उरलेल्या दोघांचे साधारण पंचवीस-पंचवीस टक्के धरले तर तिघांत मिळून मर्यादेचे ८५ टक्के जातात. दुसरा एप्रन मर्यादेच्या सुमारे १३४ टक्क्यांवर असतो. म्हणजे संघातल्या बारा जणांना ४९ टक्क्यांत बसवायचे. ओक्लाहोमाकडे निवडीचे हक्क भरपूर आहेत, त्यामुळे स्वस्तातली तरुण मुले ते आणत राहतील आणि कदाचित हे जमवतीलही. पण अ‍ॅलेक्स कारुसो, लू डॉर्ट यांसारख्या, विजेतेपदाला आकार देणाऱ्या मधल्या फळीतल्या खेळाडूंना आणखी किती वर्षे ठेवता येईल, याचे उत्तर या ४९ टक्क्यांत दडलेले आहे.

मधल्या फळीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण चाहत्यांच्या गप्पांत ती नेहमी सुटते. तारा खेळाडूंचे पगार नियमाने वर बांधलेले, नवोदितांचे नियमाने खाली बांधलेले. दाब सगळा मधल्यांवर येतो. कॉल्डवेल-पोपला डेन्व्हरने ठेवले असते तर संघ दुसऱ्या एप्रनपलीकडे गेला असता. ऑर्लँडोने त्याला तीन वर्षांसाठी ६ कोटी ६० लाख डॉलर दिले, तेव्हा त्याचे वैयक्तिक नुकसान झाले नाही. परंतु समोरच्या संघाच्या सर्वोत्तम गार्डला सावलीसारखा चिकटून राहणारा खेळाडू डेन्व्हरने गमावला आणि तिथे आला तो कच्चा तरुण. २०२४ मध्ये मिनेसोटाविरुद्ध सातव्या सामन्यात वीस गुणांची आघाडी घालवून हरलेल्या संघाला आणखी दुबळे होणे परवडणारे नव्हते. असेच मायल्स टर्नरचे झाले. इंडियानाला जून २०२५ मध्ये अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत नेणारा हा सेंटर काही दिवसांतच मिलवॉकीला गेला. आणि त्याच्यासाठी जागा करायला मिलवॉकीने डेमियन लिलार्डला मोकळे करून त्याचे उरलेले सुमारे ११ कोटी ३० लाख डॉलर पाच वर्षांत विभागून फेडायचे पत्करले. लिलार्ड आता त्यांच्याकडून खेळत नसताना त्याची रक्कम पाच वर्षे मिलवॉकीच्या पगारपत्रकावर चढत राहणार. नियमांच्या कोंडीत सापडलेले व्यवस्थापन कसे विचित्र व्यवहार करते, याचा हा नमुना.

लीगचे समर्थक म्हणतात, सात वर्षांत सात विजेते पाहा. समतोल आला की नाही? युक्तिवाद ऐकायला चांगला आहे, पण कालक्रमात बसत नाही. दुसरा एप्रन २०२३ च्या करारातून आला आणि त्याचे सर्व निर्बंध टप्प्याटप्प्याने लागू झाले. २०१९ चे टोरंटो, २०२० चे लेकर्स, २०२१ चे मिलवॉकी, २०२२ चे गोल्डन स्टेट आणि २०२३ चे डेन्व्हर हे पाच विजेते त्याच्या आधीचे आहेत. २०१९ मध्ये टोरंटो जिंकले, त्याला अंतिम फेरीतल्या प्रतिस्पर्धी वॉरियर्सच्या ड्युरँट आणि थॉम्पसन यांच्या दुखापतींचा मोठा हातभार होता. आणि वॉरियर्सच्या ज्या महासंघाने, म्हणजे ताऱ्यांनी भरलेल्या संघाने, सर्वांना घाबरवले तो घडला कसा? २०१६ मध्ये दूरचित्रवाणीच्या नव्या कराराचा पैसा एकदम आल्याने पगारमर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाख डॉलरवर उडाली आणि ७३ सामने जिंकलेल्या वॉरियर्सला ड्युरँटसाठी अनपेक्षित जागा मिळाली. तो अपघात पुन्हा घडू नये म्हणून आता मर्यादा वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढू द्यायची नाही असे ठरले आहे. २०२५-२६ मध्ये ती बरोबर दहा टक्क्यांनी वाढली. माझ्या मते महासंघांवरचा खरा उतारा हा एवढा साधा नियम होता. एप्रनला त्याचे श्रेय फुकटचे मिळते.

मर्यादाच नको, असे मात्र मी म्हणणार नाही. जर्मनीत बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ सलग अकरा वेळा लीग जिंकली. बाकीच्यांनी दुसऱ्या क्रमांकासाठी खेळावे अशी ती स्थिती. गोमंतकीय वाचकाला तर स्पर्धेच्या रचनेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांत आय-लीगची सहाही विजेतेपदे धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्याच्या क्लबांनी आणली. आणि २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलची रचना बदलण्याच्या वादात धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब यांनी त्या लीगमधून अंग काढून घेतले. मैदानावर सर्वांना पुरून उरणारे संघसुद्धा मैदानाबाहेरच्या चौकटीपुढे किती हतबल असतात, हे आपण जवळून पाहिले आहे. एनबीएची बंदिस्त रचना निदान तीसही संघांना टिकवते आणि ओक्लाहोमा सिटी विरुद्ध इंडियाना अशी दोन लहान शहरांची अंतिम लढत घडू देते. २०२५ ची ती लढत सात सामन्यांची झाली. ती पाहण्यासाठी आपल्याकडे पहाटे उठावे लागले, सामने सकाळी सहाच्या सुमारास सुरू होत होते; आणि जागरणाचे सार्थक झाले.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. जो खेळाडू संघाने स्वतः ड्राफ्टमधून घेतला आणि सात वर्षे किंवा अधिक काळ सलग आपल्याकडे ठेवला, त्याच्या पगाराचा ठरावीक भाग, समजा एक तृतीयांश, एप्रनच्या बेरजेतून वगळावा. कर पूर्ण पगारावर घ्यावा. श्रीमंत मालकाने पैसे मोजण्याला माझी ना नाही. सूट मिळावी ती हात बांधण्याच्या नियमांतून. या हिशोबाने बोस्टनला टेटम आणि ब्राउन या दोघांपोटी मिळून साडेतीन कोटी डॉलरची मोकळीक मिळाली असती, डेन्व्हरला निकोला योकिच आणि जमाल मरे यांच्यापोटी मिळाली असती, आणि फीनिक्सला ड्युरँट व बील यांच्यापोटी एक पैसाही मिळाला नसता. योकिच २०१४ मध्ये एकेचाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला होता. दुसऱ्या फेरीतल्या मुलाला लीगचा सर्वोत्तम खेळाडू होईपर्यंत घडवणाऱ्या संघाला आणि तयार तारा उचलणाऱ्या संघाला एकाच काट्यावर तोलू नये, इतकेच.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की ड्राफ्टमध्ये नशिबाचा भाग मोठा असतो. सॅन अँटोनिओला २०२३ मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामा मिळाला तो निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीच्या जोरावर, आणि २०२५ मध्ये डॅलसला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता १.८ टक्के असताना तो मिळाला आणि कूपर फ्लॅग त्यांच्या पदरात पडला. नशिबाला आणखी बक्षीस कशाला? हा आक्षेप मला निम्मा पटतो. सोडतीत खेळाडू मिळणे नशीब असेल; पण तो सात वर्षे समाधानाने राहील असे वातावरण राखणे नशिबाचे काम नाही. त्याच डॅलसने लुका डॉन्चिचला ड्राफ्टच्या रात्रीपासून वाढवले, त्याच्या नेतृत्वाखाली २०२४ ची अंतिम फेरी गाठली आणि पुढच्याच फेब्रुवारीत अँथनी डेव्हिसच्या बदल्यात त्याला लेकर्सच्या हवाली केले. तो लीगमधला सर्वांत न पटणारा व्यवहार होता असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागे डॉन्चिचला लवकरच द्यावा लागणारा ३५ टक्क्यांचा करार होता हे लपून राहिलेले नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अशी सूट दिली तर उत्तम संघ दीर्घकाळ एकत्र राहतील आणि दुबळ्या संघांना मधल्या फळीतले खेळाडू मिळणार नाहीत; आजच्या फाटाफुटीतूनच ऑर्लँडोला कॉल्डवेल-पोप मिळाला आणि सॅन अँटोनिओला कॉर्नेट. हे खरे आहे. मला त्यात अन्याय दिसत नाही, एवढाच मतभेद. टिम डंकन, टोनी पार्कर आणि मनू जिनोबिली हे तिघे सॅन अँटोनिओने ड्राफ्टमधून घेतले, त्यांतला जिनोबिली सत्तावन्नाव्या क्रमांकावरचा. चौदा हंगाम एकत्र राहून त्यांनी चार विजेतेपदे मिळवली. तो संघ लहान शहराचा होता आणि त्याच्या वर्चस्वाने लीगचे काही बिघडले नाही. उलट हजारो मैलांवरच्या आपल्यासारख्या चाहत्याला, ज्याचे डेन्व्हरशी किंवा सॅन अँटोनिओशी गावाचे नाते नाही, संघाशी बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे ओळखीचे तेच पाच-सहा चेहरे. दर उन्हाळ्यात ते पांगले तर चाहता संघ सोडून एकेका खेळाडूच्या मागे जातो. आपल्याकडची शाळकरी मुले संघाचे नाव न घेता ‘मी करीचा’, ‘मी लुकाचा’ म्हणतात ते यामुळेच.

सध्याचा सामूहिक करार २०२९-३० च्या हंगामापर्यंत आहे आणि २०२८-२९ नंतर त्यातून बाहेर पडण्याची मुभा दोन्ही पक्षांना आहे. वाटाघाटी सुरू होतील तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने या सुटीचा आग्रह धरावा असे मला वाटते, कारण तिच्यातला बहुसंख्य वर्ग ताऱ्यांचा नसून मधल्या फळीचा आहे आणि एप्रनचा चिमटा त्यालाच बसतो. मालकांपैकी कोण विरोध करील याचा अंदाज करणे अवघड नाही: ज्यांना रेषेखाली राहून कराचा वाटा घ्यायची सवय झाली आहे ते. ओक्लाहोमाचे मालक कोणत्या बाजूला उभे राहतात हे पाहण्यासारखे असेल, कारण तोवर तिन्ही ताऱ्यांचे करार लागू झालेले असतील आणि त्या ४९ टक्क्यांचे काय झाले हेही कळलेले असेल.